तीस सेकंदांची फिल्म, तीनशे साठ फोटो

नववीच्या अ‍ॅनिमेशनच्या वर्गात पहिल्या दिवशी संगणक सुरूच होत नाही. आमच्या कोल्हापूरच्या शाळेत फिल्म करायची म्हणजे बाहुली जराशी हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, आणि शेवटी ते फोटो भराभर दाखवायचे. फळ्यावर एक गुणाकार लिहिला जातो: ३० × १२ = ३६०. तीस सेकंदांची फिल्म, सेकंदाला बारा फोटो, म्हणजे तीनशे साठ फोटो. चाळीस मुलांचे आठ गट, आणि दर शनिवारी सकाळच्या शाळेत दोन तासिकांचा मिळून सत्तर मिनिटांचा जोड तास. त्यातली पंधरा मिनिटं मांडामांडीत जातात, दहा आवराआवरीत. उरलेल्या पंचेचाळीस मिनिटांत हात बसलेला गट पन्नासेक फोटो काढतो, नवा गट तीसही नाही. ३६० ला ५० ने भागलं की सव्वासात शनिवार होतात. सहल, घटक चाचणी आणि सुट्ट्या वजा केल्या, तर दिवाळीनंतर जानेवारीतल्या स्नेहसंमेलनापर्यंत एवढे शनिवार उरत नाहीत.

मग कात्री लागते. फिल्मचं नाव आणि श्रेयनामावली मिळून सहा सेकंद, ती संगणकावर होतात. आणखी चार सेकंद असे निवडायचे जिथे पात्र नुसतं उभं आहे, पाटी वाचतंय, विचार करतंय. तिथे एकच फोटो पुन्हा पुन्हा लावता येतो. मात्र तोच फोटो दीड सेकंदाच्या वर राहिला की बाहुली मेल्यासारखी दिसते, म्हणून मधे पापणी लवल्याचे तीन फोटो घालायचे: अर्धी मिटलेली, पूर्ण मिटलेली, अर्धी मिटलेली. उरली वीस सेकंदं, २४० फोटो, पाच शनिवार. एवढं बसतं. गोष्ट कशावर आहे हे यानंतर विचारायचं. मुलांना हा क्रम उलटा वाटतो, पण आधी गोष्ट ठरवली की पन्हाळ्याचा वेढा निघतो आणि पन्नास मावळे कोण करणार यावर भांडणं होतात.

आमच्याकडे बिघडलेल्या बहुतेक फिल्म टेबलावर बिघडलेल्या असतात, सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच. म्हणून या लिखाणात टेबल, दिवा आणि पट्टी जास्त आहेत, मेन्यूतली बटणं कमी.

पहिला सराव चेंडूचा. चिटोऱ्यांच्या छोट्या पॅडवर पडणारा चेंडू काढायचा आणि पानं फडफडवून बघायची. सगळे गट पहिल्यांदा एकच चूक करतात, चेंडू प्रत्येक पानावर सारखाच खाली आणतात. मग आरोळी येते, "सर, चेंडू तरंगायलाय!" तो तरंगणारच, कारण सारख्या अंतरानं फुगा उतरतो. चेंडूला वेग वाढवत यावं लागतं. बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात गुरुत्वाकर्षण आहे, ते सूत्र नववीलाच दाखवून टाकतो. सेकंदाला बारा फ्रेम (फिल्ममधलं एकेक चित्र म्हणजे फ्रेम) धरल्या तर सोडलेला चेंडू पहिल्या फ्रेमपर्यंत ३.४ सेंटिमीटर पडतो, दुसरीपर्यंत १३.६, तिसरीपर्यंत ३०.६, मग ५४.४, ८५ आणि सहावीला १२२.५. म्हणजे टेबलापेक्षा जरा वरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जमिनीवर. दोन फ्रेममधली अंतरं १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात वाढतात. कागदावर दहापट लहान करून पट्टीनं खुणा करायच्या: ३.४ मिलिमीटर, १०.२, १७, २३.८, ३०.६, ३७.४.

पुढचं तर पाठच करून टाकावं. पहिली पडझड सहा फ्रेमची, मग उसळी पाच वर पाच खाली, चार वर चार खाली, तीन, दोन, एक. ६ + ३० = ३६, बरोबर तीन सेकंद. खरा रबरी चेंडू प्रत्येक उसळीला उंचीचा साधारण तेवढाच हिस्सा गमावतो आणि इथे शेवटी जास्त गमावतो, पण डोळा ते पकडत नाही. चेंडू जमिनीला टेकतो त्या एकाच फ्रेममध्ये तो चपटा करायचा, आणि चपटा करताना रुंदही करायचा. नुसता चपटा केला की त्यातली हवा गेल्यासारखी वाटते.

मोडांचा टाइमलॅप्स हा दुसरा सराव, त्याला कष्ट कमी आणि पेशन्स जास्त. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेऊन टिपली होती. आम्ही मूग घेतो, कारण त्याला पाच दिवस पुरतात. दर दहा मिनिटांनी एक फोटो, दिवसाला १४४, पाच दिवसांत ७२०, म्हणजे सेकंदाला चोवीसच्या हिशेबानं तीस सेकंद. कुंडी खिडकीत ठेवली की दिवस-रात्र लुकलुकते आणि बघणाऱ्याचं डोकं दुखतं. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात एक एलईडी बल्ब अखंड चालू ठेवून आत कुंडी ठेवायची. बल्ब बाजूला असेल तर रोप त्याच्याकडे वाकतं, तेच दाखवायचं असेल तर ठीक, नाहीतर बल्ब बरोबर वर. पाणी ड्रॉपरनं. कुंडी उचलून पाणी घातलं की पुढच्या फोटोत रोप एकदम उडी मारतं.

गोष्टींचं म्हणाल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगा नदी हमखास येते. मुलांना पुरात घरं बुडालेली दाखवायची असतात. ते टेबलावर जमत नाही, कारण खरं पाणी लहान प्रमाणात खोटं दिसतं. त्याचे थेंब बाहुलीच्या डोक्याएवढे असतात. त्याऐवजी राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळीची मोजपट्टी करायची. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरात बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतात. एका फुटाला चार सेंटिमीटर धरले तर चार फुटांना सोळा सेंटिमीटर. पाणी चार सेकंदांत चढवायचं, म्हणजे ४८ फोटो. सरळ भागाकार केला तर प्रत्येक फोटोला ३.३ मिलिमीटर येतात, पण तसं केलं की पाणी लिफ्टसारखं चढतं. पहिले आठ फोटो २ मिलिमीटरनं, मधले बत्तीस ४ नं, शेवटचे आठ पुन्हा २ नं: १६ + १२८ + १६ = १६० मिलिमीटर. हिशेब जुळतो आणि पाणी श्वास घेतल्यासारखं थांबतं.

पाणी म्हणजे निळ्या कार्डशीटची वरून लाटेसारखी कापलेली पट्टी. चकचकीत जिलेटिन कागद घेऊ नये, दिवा त्यात चमकतो. दोन लाटांच्या शिखरांत २४ मिलिमीटर ठेवले आणि पट्टी दर फोटोला ६ मिलिमीटर आडवी सरकवली, की चार फोटोंत लाट पुन्हा होती तिथे येते आणि प्रवाह एका दिशेनं वाहताना दिसतो. पट्टी १२ मिलिमीटर सरकवली तर घोटाळा. लाट उजवीकडे गेली की डावीकडे, हे डोळ्याला ठरवता येत नाही आणि नदी जागच्या जागी थरथरते. दोन पट्ट्या मागे-पुढे, मागची अर्ध्या वेगानं सरकवली की खोली येते.

आता टेबल. शाळेतला बाक या कामाला नालायक असतो, तो हलतो. आम्ही दोन बाक जोडून त्यावर उद्यमनगरच्या औद्योगिक वसाहतीतून कापून आणलेला दोन फूट बाय तीन फूट जीआय पत्रा टाकतो आणि चारी कोपरे सी-क्लॅम्पनं आवळतो. पत्र्याच्या कडा कापतात, त्यांना आधी सेलोटेप नाही, जाड कापडी टेप. पत्रा घेताना खिशात चुंबक ठेवायचं, कारण भांड्यांचं चकचकीत स्टील बऱ्याचदा चुंबक धरत नाही, आणि सगळी मदार चुंबकावरच आहे. पत्र्यावर मॅट रंगाचा कागद पसरायचा, तीच जमीन.

बाहुली पंधरा सेंटिमीटर उंच, त्याहून मोठी नको. आत अ‍ॅल्युमिनियमची तार, दीड मिलिमीटरची, दोन पदरी पिळून. पिळताना एक टोक खिळ्याला अडकवायचं, दुसरं ड्रिल मशीनच्या तोंडात धरून हळू फिरवायचं, हातानं एवढा एकसारखा पीळ बसत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली सेंट्रिंगची बाइंडिंग तार स्वस्त पडते, पण ती वाकवलेली राहत नाही, थोडी परत उसळते, आणि पंधरा-वीसदा वाकवली की कोपरात तुटते. अ‍ॅल्युमिनियमही तुटतं, पण उशिरा. म्हणून हात आणि पाय सुटे करून धडातल्या नळीत खुपसायचे, म्हणजे तुटलेला हात पाच मिनिटांत बदलता येतो. सांध्यांच्या मधल्या भागाला आइस्क्रीमची काडी आणि दोरा बांधला की हात कोपरातच वाकतो, नळीसारखा कुठेही नाही.

प्रत्येक तळव्याखाली दहा मिलिमीटर व्यासाचं एक निओडायमियम (लहान पण फार जोरदार) चुंबक. ते दोन ट्यूबांच्या इपॉक्सीनं चिकटवायचं आणि रात्रभर ठेवायचं. फेविक्विकनं चिकटवलेलं चुंबक दुसऱ्या दिवशी पत्र्यावरच राहतं आणि बाहुली हातात येते, कारण ते वाळल्यावर ठिसूळ होतं आणि झटका सोसत नाही. ही चुंबकं गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना ओढून धरतात, ते जिवावर बेततं. धाकट्या भावंडांच्या हाती लागू नयेत म्हणून ती घरी न्यायची नाहीत आणि तास संपल्यावर मोजल्याशिवाय दार उघडत नाही.

माती कुठली? शाडू हवा तेवढा मिळतो, कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी तर ढिगानं. पण तो वाळतो. शनिवारी मऊ असलेला हात पुढच्या शनिवारी तडकलेला असतो. त्यामुळे शाडूची घरं, डोंगर, दगड, आणि हलणाऱ्या पात्रांना तेलातली मॉडेलिंग क्ले. तीही भरीव लावायची नाही. धडाला थर्माकोलचा गाभा, वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून, आणि क्ले फक्त तीन-चार मिलिमीटर. भरीव बाहुली स्वतःच्याच वजनानं दर फोटोला थोडी झुकत जाते. फिल्ममध्ये ती नमस्कार करत असल्यासारखी दिसते आणि गटाला वाटतं कॅमेरा हलला. एप्रिलच्या उन्हात क्ले लोण्यासारखी होते, तेव्हा पाच मिनिटं फ्रिजमध्ये. पांढरा रंग सगळ्यात शेवटी हाताळायचा आणि त्याआधी हात ओल्या वाइपनं पुसायचे, नाहीतर पैलवानाचा लंगोट दुसऱ्या शनिवारी राखाडी होतो. अंगठ्याचे ठसे दर फोटोला बदलले की कातडी उकळत असल्यासारखी दिसते. काही गटांना ते आवडतं आणि मुद्दाम ठेवतात, हरकत नाही, पण मग अख्ख्या फिल्ममध्ये ठेवावं.

उजेडाच्या बाबतीत मात्र सवलत नाही. शनिवारची सकाळ, पूर्वेची खिडकी, आणि पावसाळ्यात तर ढग मिनिटामिनिटाला सरकतो. फोटोत एकेक वेळी काहीच दिसत नाही, फिल्म चालवली की भिंत धडधडते. खिडक्यांना काळा कागद, ट्यूबलाइट बंद, आणि आपले दोन ९ वॅटचे एलईडी बल्ब, दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच रंगाचे. एक डावीकडून वर, जवळ, दुसरा उजवीकडून लांब. समोर बटर पेपर लावला की सावली मऊ होते. बटर पेपर बल्बपासून वीतभर लांब. फोटो काढणाऱ्या मुलाचा गणवेश पांढरा असतो आणि त्यावरून परतणारा उजेड बाहुलीवर पडतो, म्हणून तो प्रत्येक फोटोला त्याच खुणेवर मागे सरकून उभा राहतो. आम्ही एक काळा एप्रन शिवूनच घेतलाय.

मोबाइलचा कॅमेरा स्वतःच्या मनानं वागतो, तेवढं बंद करायचं. प्रो मोडमध्ये आयएसओ (उजेड टिपण्याची तीव्रता) १००, शटर (किती वेळ उघडं राहतं) १/५० सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) एका आकड्यावर, फोकस हातानं. एचडीआर, ब्युटी, एआय सगळं बंद. १/५० का, तर आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. १/५० मध्ये बरोबर दोन झोके मावतात. शटर १/१२५ ठेवलं तर कधी झोक्याचा वरचा भाग मिळतो, कधी खालचा, आणि पुन्हा तीच धडधड. प्रो मोड नसलेल्या फोनवर पडद्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड लॉक करायचा. फोन विमान मोडवर. शूटिंगच्या मध्यात कुणाचा फोन आला की लॉक सुटतो, आणि शटर बोटानं दाबायचं नाही, तारेच्या इअरफोनचं आवाजाचं बटण दाबायचं. बहुतेक फोनवर त्यानं फोटो निघतो आणि स्टँड हलत नाही. याच गावात मूकपटांच्या काळातल्या बाबूराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः घडवला होता, त्या मानानं हे लाड आहेत.

गटात पाच जणं. एक बाहुली हलवतो, आणि शक्यतो एका शॉटमध्ये एकच जण, कारण प्रत्येकाच्या हाताची चाल वेगळी. एक फोटो काढतो. एक वही धरतो: फोटो क्रमांक, कोण हललं, किती मिलिमीटर, तोंड कुठलं. एक जण टेबलाशेजारी बसून नुसतं बघतो की चिमटा, टाचणी, कुणाचा अंगठा चौकटीत राहिलाय का. पाचवा पुढच्या शॉटची तयारी करतो. "हात बाहेर" असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय फोटो नाही. वहीवाल्याचं काम कुणालाच नको असतं, पण दुसऱ्या शनिवारी "मागच्या वेळी डावा पाय पुढं होता की उजवा" हे फक्त तिथेच सापडतं.

आणि धक्का बसतोच. कुणाचं दप्तर स्टँडला लागतं. 'ओनियन स्किन' या सोयीत मागचा फोटो पुसट दिसतो, त्यावर आताचं दृश्य जुळवायचा प्रयत्न मुलं अर्धा तास करतात. बाहुली पडली असेल तर जुळतं. कॅमेरा हलला असेल तर कधीच पूर्ण जुळत नाही, चौकटीचा एक कोपरा जुळला की दुसरा सुटतो. अशा वेळी जुळवायचं सोडून कॅमेरा मुद्दाम दुसरीकडे न्यायचा, जवळून चेहरा घ्यायचा आणि तिथून पुढे चालू करायचं. बघणाऱ्याला ते संकलन वाटतं.

ज्या गटांना क्ले नको त्यांच्यासाठी कागदी कटआउट. फोन वरून खाली बघतो, दोन बाकांवर आडवी फळी, फळीला भोक. सांध्यांना टिच बटणं शिवायची. ती फिरतात आणि जिथे थांबवाल तिथे थांबतात, दोरा नुसता गाठ मारून बांधला तर हात लोंबकळतो. कार्ड ३०० जीएसएमचं, दोन्ही बाजूंनी रंगवलेलं. एकाच बाजूला रंग लावला की जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते पापडासारखं वळतं आणि कडेची सावली पडते. म्हणूनच पावसाळ्यात कटआउट करायचे असले तरी शूटिंग दिवाळीनंतर.

बोलणारं पात्र हा सगळ्यात रंजक भाग, आणि इथे मराठी वर्णमाला अर्धं काम करून ठेवते. वर्ग आरशासमोर उभा करायचा आणि क-वर्गापासून म्हणायला लावायचं. कंठ्य क-ख-ग म्हणताना ओठांना काही होत नाही. तालव्य, मूर्धन्य, दंत्य, सगळी हालचाल आत, समोरून दिसतात ते जरा विलग झालेले दात. प-फ-ब-भ-म आले की ओठ मिटतात. म्हणजे क ते म या पंचवीस वर्गीय व्यंजनांपैकी चित्रात दाखवण्यासारखी ही पाचच. बाकी तोंडाचा आकार स्वर ठरवतात. आमचा संच सहा तोंडांचा आहे: मिटलेलं, किंचित उघडं, आ, ए-ई साठी पसरट, ओ-उ साठी गोल, आणि व साठी खालचा ओठ दाताखाली. फ कुणी ओठ मिटून म्हणतं, कुणी दात लावून. ज्याचा आवाज घेतलाय त्याचं तोंड बघून ठरवायचं.

"भावा, नाद खुळा" हे आधी ध्वनिमुद्रित करून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये लांबी मोजली. सोळा फ्रेम, सव्वा सेकंदाच्या जरा वर. वाटणी अशी: भ मिटलेलं १, आ २, व १, आ २, मधला विराम किंचित उघड्या तोंडानं २, ना ला आ २, द ला किंचित उघडं १, खु ला गोल २, ळा ला आ ३. यात भ ची एक फ्रेम गाळली तर सगळं वाक्य खोटं वाटतं, आणि द चं तोंड चुकलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तोंड आवाजाच्या एक फ्रेम आधी बदलावं, कारण माणसाचा ओठ आधी हलतो आणि आवाज मागून येतो. उशिरा बदललेलं तोंड डब केलेल्या सिनेमासारखं दिसतं. प्रत्येक अक्षराला तोंड देण्याचा मोह होतो, त्यानं पात्र चावत असल्यासारखं दिसतं. सेकंदाला सहा-सातपेक्षा जास्त बदल नकोत.

आवाज घ्यायला वर्ग नको. पंखा घरघरतो, बाहेर रिक्षा. ग्रंथालयात, पंखा बंद, दोन बाकांवर गोधडी टाकून तिच्याखाली. सुरुवातीला दहा सेकंद कुणीही बोलायचं नाही. ती शांतता ऑडॅसिटीला नमुना म्हणून दाखवली की तो आवाज बाकीच्या मुद्रणातून काढता येतो. मात्र काढायला लागलं की मुलं थांबत नाहीत आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो. पाऊस म्हणजे सुपात तांदूळ, आग म्हणजे चुरगळलेला सेलोफेन, पैलवानाची चाल म्हणजे शहाबादी फरशीवर नवी कोरी, अजून तेल न पाजलेली कोल्हापुरी. जुनी, मऊ झालेली चप्पल करकरत नाही. पार्श्वसंगीताला सिनेमातलं गाणं घेऊ देत नाही, ऑनलाइन टाकलं की हक्काचा दावा येतो आणि कधी आवाजच बंद होतो. वर्गात हलगी वाजवणारं कुणी ना कुणी असतंच. हलगीसमोर माइक दोन मीटर लांब ठेवायचा आणि मीटर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर थापेचं टोक कापलं जाऊन नुसता पत्रा वाजतो.

संगणकावर येईपर्यंत पाऊण काम झालेलं असतं. फोनचा फोटो चार बाय तीन, फिल्म सोळा बाय नऊ, म्हणजे उंचीतला पाव भाग जाणार. हे आधी सांगितलं नाही तर फेटे कापले जातात, म्हणून शूटिंगच्या वेळीच फोनच्या पडद्यावर टेपच्या दोन पट्ट्या लावायच्या. फोटो इरफानव्ह्यू या फोटोंच्या सॉफ्टवेअरमधून एकगठ्ठा १९२० × १०८० करायचे, चार जीबी रॅमच्या मशीनवर मूळ फोटो घेतले तर ते फेस आणतं. नावं त्याच वेळी बदलायची. फोन फोटोला तारीख-वेळेचं नाव देतो, पण फोटोंची मालिका म्हणून आत घ्यायला ०००१, ०००२ असे सलग आकडे लागतात. मधला एखादा खराब फोटो काढून टाकला आणि क्रमांक तसेच ठेवले तर फोटोंचा व्हिडिओ करणारं एफएफएमपेग त्या भोकापाशीच थांबतं. खराब फोटो आधी काढा, मग क्रमांक द्या. नावात मोकळी जागा नको, अक्षरं रोमन.

प्रकल्प उघडताना वेग चोवीस ठेवायचा. अनेक संपादकांत तो मुळात पंचवीस किंवा तीस असतो आणि इथे फिल्म गुपचूप बिघडते. बारा फोटो चोवीसमध्ये प्रत्येकी दोन फ्रेम बसतात. तीसमध्ये प्रत्येकी अडीच, म्हणजे एक फोटो दोन फ्रेम आणि पुढचा तीन, आणि नीट चालणारा पैलवान लंगडायला लागतो. मुलं मग चूक बाहुलीत शोधत बसतात.

श्रेयनामावलीत एक हमखास घोटाळा. कुणीतरी घरी श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये नावं टाइप करून आणतं आणि शाळेच्या मशीनवर त्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारं युनिकोडच हवं. मुक्त, बालू हे फॉन्ट फुकट आहेत आणि पडद्यावर ठळक वाचता येतात. काही सॉफ्टवेअरांत युनिकोडही फुटतं, जोडाक्षरं सुटतात आणि 'दिग्दर्शन'मधली वेलांटी भलत्याच ठिकाणी जाते. मग शहाणपण एवढंच, की अक्षरं इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवून पीएनजी चित्र म्हणून बाहेर काढायची आणि ते चित्र फिल्मवर ठेवायचं.

एखादा गट ब्लेंडरचा, म्हणजे संगणकावरच्या त्रिमितीय अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरचा, हट्ट धरतो. ब्लेंडर ४ ला ओपनजीएल ४.३ चालवणारं ग्राफिक्स लागतं, आमच्या जुन्या मशीनवर २.७९ च चालतं. दहा सेकंद चोवीसच्या वेगानं म्हणजे २४० फ्रेम, एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे संगणकानं ते चित्र तयार करायला, चाळीस सेकंद धरले तर एका मशीनवर दोन तास चाळीस मिनिटं. लाइट गेली आणि थेट व्हिडिओ फाइल बनत असेल तर ती बहुधा उघडतच नाही, म्हणून नेहमी पीएनजीच्या मालिकेत रेंडर. आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट'ची खूण काढली आणि 'प्लेसहोल्डर्स'ची लावली, सगळ्या मशीननी तोच सामायिक फोल्डर उघडला, की प्रत्येक मशीन न झालेली फ्रेम उचलतं. सहा मशीनवर तेच काम अर्ध्या तासाच्या आत. यात नेटवर्क नीट असलं पाहिजे, तेवढं मात्र शाळेत नेहमी असतंच असं नाही.

शेवटची फाइल एमपी४, एच.२६४. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर, त्याच लॅपटॉपवर, मांडवातच लावून बघायची. मांडवात अंधार कधीच पूर्ण होत नाही, रात्रीचं दृश्य पडद्यावर नुसतं काळं दिसतं. अशा दृश्याचा उजेड वाढवून दुसरी प्रत तयार ठेवायची. एचडीएमआय लावली की आवाज प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरकडे जातो, लॅपटॉपच्या सेटिंगमधून तो परत मिक्सरकडे वळवावा लागतो.

कार्यक्रमानंतरचा शनिवार मोडतोडीचा. क्ले रंगानुसार वेगळी करून पिशव्यांत, मिसळलेली सगळी एका डब्यात, ती पुढच्या वर्षी डोंगरांच्या आत भरायला. तारा सरळ करून एकदा वाकवून बघायच्या, चरचरली ती टाकून द्यायची. आठ गट, प्रत्येकी दोन बाहुल्या, चार तळवे, म्हणजे ३२ चुंबकं, मधे पुठ्ठ्याची चकती घालून डब्यात. तो डबा जुन्या हार्ड डिस्कच्या कपाटात नाही, दुसऱ्या. ३२ भरली की कुलूप.